पुढची खाच

सव्वाआठच्या फेरीबोटीत
नऊ स्कूटर, रिकामी टोपली घेऊन परतणारा पोदेर
आणि माझं पोट.
बाकीचं सगळं दिवाडीच्या धक्क्यावरच राहून गेलं असावं,
गुडघे, आवाज, रात्रभर घोकलेली तारीख.

लवंदे वकीलबाई काल फोनवर म्हणाल्या,
विचारतील तेवढंच सांग. घाबरायचं काय त्यात?
मी हो म्हटलं.
घाबरायचं काय त्यात, याची यादी होती माझ्याकडे.
मामलेदारांच्या टेबलावरची काच.
भाटकाराचा वकील, जो कागद न उलटता बोलतो.
आणि स्वतः भाटकार,
कारण पाचवीत मला फळा दिसत नव्हता तेव्हा
त्यांच्या बायकोनं पणजीला नेऊन चष्मा करून दिला होता.
त्या चष्म्याच्या चौथ्या पिढीतून
आज मी त्यांच्याकडे बघणार
आणि सांगणार, घर आमचं.

बोट सुटली. ओहोटी होती,
खारफुटीची मुळं चिखलातून बोटं वर काढून उभी.
मी माझी बोटं फाइलखाली लपवली
तर फाइलच थरथरायला लागली.
आत घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं,
आणि एक फोटो: विहिरीच्या कठड्यावर बसलेले पपा,
खांद्यावर दोर, फोटोवाल्यावर किंचित रागावलेले.

पपा पाडेली होते.
गावाला ते आठवतात शेंड्यावर,
झावळांतून खाली ओरडणारे, बाजूला व्हा रे.
मला आठवतात बुंध्याशी.
रोज पहिल्या माडाआधी
ते कुंपणापलीकडे जायचे, लघवीला.
चाळीस वर्षं, एक दिवस चुकला नाही.
लोक हसायचे, शाबू, माड पळून चालला बघ.
पपाही हसायचे, आणि जायचे.

नऊ-दहा वर्षांची असेन. विचारलं,
पपा, तुम्हाला भीती वाटते?
ते कोयता कमरेला अडकवत होते.
म्हणाले, दिसता गो. सदांच दिसता.
चहात साखर हवी का विचारल्यावर
हो म्हणावं, तितक्या सहज.
मग काय करता?
किदें करतलों? दिसूं दी.

मग तळहात बुंध्यावर टेकून उभे राहायचे.
मला वाटायचं देवाचं काही म्हणताहेत.
तसं काही नव्हतं.
छातीत वर चढून बसलेला श्वास
तो खाली उतरायची वाट बघायचे,
कारण दोघांनी एकदम चढून चालत नाही.
शेंड्याकडे एकदाच मान वर, नारळ मोजायला.
त्यानंतर फक्त पुढची खाच.
मग त्याच्या पुढची.

जुन्या गोव्याला उतरले, पणजीची बस धरली.
कचेरीत शौचालयाला कुलूप.
शिपायानं मला खालपासून वर पाहिलं
आणि लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली किल्ली
न बोलता पुढे केली.
रोज किती जणांना देत असेल.
ठोकळ्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

पुकारा झाला. आत गेले.
काच तशीच होती, तिच्याखाली कुणाच्या तरी मुलाचा फोटो.
भाटकार खुर्चीत लहान दिसत होते, कानात यंत्र.
टेबलाच्या कडेवर मी तळहात टेकला.
एक श्वास. तो उतरेना.
दुसरा थोडा उतरला.

नाव?
कुंदा शाबू मयेकर.
आवाज बारीक आला, पण माझाच होता.
वडील काय करायचे?
माड चढायचे.
कोणाचे?
मी भाटकारांकडे पाहिलं. एकदाच.
यांचे.

विहीर घराच्या कोणत्या बाजूला?
उगवतीला.
किती पावलांवर?
माझ्या की पपांच्या, असं विचारणार होते,
मग बाईंचं बोलणं आठवलं.
अकरा, म्हटलं.

टेबलाखाली गुडघे नाचत होते.
नाचू दिले.